मागच्या वर्षीचं स्फुरद कुणाच्या नावावर?

२०२४ च्या नोव्हेंबरातला रविवार. लिटिल इंडियात बफेलो रोडवरच्या एका किराणा दुकानात मी आट्याचं पाकीट हातात घेऊन उभी होते आणि मामाचा व्हिडिओ कॉल आला. मामाची शेती निफाड तालुक्यात. जमिनीला वाफसा आला होता, गव्हाचं बियाणं घरात होतं, पण डीएपी मिळत नव्हतं. त्या रब्बीत देशभरच डीएपीची टंचाई होती. ‘दुकानदार म्हणतो गोणी देतो, पण सोबत या दोन बाटल्या घ्याव्या लागतील,’ मामा म्हणाला. ‘तू खतावरच शिकलीस ना? मग सांग, यंदा डीएपी टाकलंच नाही तर काय होईल?’

माझी पीएच.डी. मातीतल्या फॉस्फरसवर आहे. मी म्हटलं, ‘अं... बघून सांगते.’

त्या ‘अं’मध्ये काय अडलं होतं, ते या लेखात मांडतेय. पॉडकास्टमध्ये आकडे तोंडी सांगितले की ऐकणाऱ्याच्या हातात काही राहत नाही, म्हणून हे लेखी. पुस्तकाचं परीक्षण करतात तसं इथे चार छापील मजकुरांचं परीक्षण आहे: खताची गोणी, औषधाची बाटली, आट्याचं पाकीट आणि माती परीक्षणाचं कार्ड. चारही गव्हाबद्दल बोलतात. आणि माझ्या मते चारही एकच गोष्ट गाळतात.

आधी एक शब्द. तुम्ही परदेशात वाढला असाल तर ‘स्फुरद’ कदाचित ऐकला नसेल. शेतीच्या मराठीत फॉस्फरसला स्फुरद म्हणतात, नायट्रोजनला नत्र आणि पोटॅशला पालाश. मामाशी बोलायचं तर हेच शब्द लागतात.

गोणी

डीएपीच्या गोणीवर लिहिलेलं असतं १८:४६:०. म्हणजे १८ टक्के नत्र, ४६ टक्के स्फुरद, पालाश शून्य. हे ४६ टक्केसुद्धा एक जुना रिवाज आहे. खत-व्यवहारात स्फुरद हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजतात, जे गोणीत प्रत्यक्षात नसतंच. शुद्ध फॉस्फरस साधारण २० टक्के. पण सगळ्या शिफारशी त्याच रिवाजात असल्यामुळे आपणही तोच पाळू. ५० किलोच्या गोणीत २३ किलो स्फुरद, किंमत १३५० रुपये.

महाराष्ट्रात वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. स्फुरद सगळं पेरणीच्या वेळीच. हेक्टरी ६० म्हणजे एकरी २४. म्हणजे जवळजवळ एक गोणी. ‘एकरी एक गोणी डीएपी’ हे वाक्य गावात म्हणीसारखं चालतं त्याचं कारण हे. ते चुकीचं नाही, शिफारशीला धरूनच आहे.

आता पीक उचलतं किती ते बघा. एक किलो गव्हाच्या दाण्यात साधारण साडेतीन ग्रॅम फॉस्फरस असतो, खताच्या हिशेबात आठ ग्रॅम स्फुरद. एकरी १८ क्विंटल हे चांगलं पीक. त्या दाण्यांबरोबर शेतातून साडेचौदा किलोच्या आसपास स्फुरद बाहेर जातं. भुसा गोठ्यात गेला, तर आणखी दोन-तीन किलो. आत आले २३, बाहेर गेले १७. राहिले सहा. आणि हे झालं चांगल्या पिकाचं. महाराष्ट्राची गव्हाची सरासरी एकरी आठ क्विंटललाही पोचत नाही. तेवढ्याच पिकावर पूर्ण गोणी टाकली तर निम्म्याहून जास्त स्फुरद मागे राहतं.

मागे राहिलेल्याचं काय होतं? आम्ही शिकलो ते वाक्य: ‘स्फुरद मातीत स्थिर होतं.’ काळ्या, चुनखडीयुक्त मातीत ते कॅल्शियमशी बांधलं जातं आणि पिकाला मिळत नाही. पुरावा म्हणून आकडा दिला जातो, की टाकलेल्या खतातलं साधारण १५ ते २० टक्केच स्फुरद पहिलं पीक घेतं. आकडा खरा आहे. पण त्यावरून काढला जाणारा अर्थ, ‘बाकीचं वाया गेलं, सबब पुढच्या वर्षी पुन्हा पूर्ण मात्रा’, हा अर्धवट आहे. पिकानं नव्या खतातलं पाचवा हिस्साच उचललं असेल, तर त्याच्या अंगातलं उरलेलं स्फुरद आलं कुठून? मातीतून. त्यातलं काही जमिनीचं मूळचं, आणि काही मागच्या, त्याच्या मागच्या, वडिलांच्या काळातल्या गोण्यांमधून राहिलेलं.

आजीच्या घरात धान्य दोन ठिकाणी असायचं, आठवा. माजघरात कणगी, स्वयंपाकघरात डबा. रोजचा शिधा डब्यातून निघतो, डबा कणगीतून भरतो. मातीत फॉस्फरसचं तसंच आहे. डब्यात थोडंच, कणगीत भरपूर, आणि कणगीतून डब्यात येण्याचा वेग कमी. ‘स्थिर झालं’ म्हणजे कणगीत गेलं. कायमचं हरवलं असं नाही. अन्न आणि कृषी संघटनेनं २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सायर्स, जॉन्स्टन आणि कर्टिन यांच्या अहवालाचं म्हणणं नेमकं हेच आहे: हिशेब एका हंगामाचा न मांडता अनेक वर्षांचा मांडा, मग स्फुरदाचा वापर वाटतो तेवढा वाईट दिसत नाही.

याचा सगळ्यात जुना पुरावा इंग्लंडमधल्या रोथमस्टेडला आहे. जॉन बेनेट लॉझ या जमीनदारानं १८४२ मध्ये सुपर फॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं आणि १८४३ मध्ये आपल्या ब्रॉडबॉक शेतात गव्हावर खतांचा प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. म्हणजे स्फुरदाचं कारखानी खत विकणारा आणि ते तपासणारा माणूस एकच होता. पण त्याच शेतात दीडशेहून जास्त वर्षांनी, २००१ पासून, बऱ्याच पट्ट्यांना स्फुरद देणं थांबवलं गेलं. कारण मातीत ते गरजेपेक्षा जास्त साठलं होतं.

‘ते इंग्लंडचं झालं, आपली काळी माती वेगळी,’ असं कुणी म्हणेल. म्हणून अकोला. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून खोल काळ्या जमिनीत ज्वारी आणि गहू या फेरपालटावर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहे. तिथे नुसतं नत्र दिलेल्या तुकड्यांत स्फुरद खंगत गेलं आणि दरवर्षी स्फुरद दिलेल्या तुकड्यांत उपलब्ध स्फुरद वाढत गेलं. काळी माती स्फुरद गिळते हे खरं, पण ती साठवतेसुद्धा. या प्रयोगाची माहिती गावातल्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मी कधी पाहिलेली नाही. तिथे गोणी दिसते, आणि गोणीवर यंदाचं स्फुरद छापलेलं असतं. मागच्या वर्षीचं स्फुरद कुणी विकू शकत नाही, त्यामुळे ते कुणी छापतही नाही.

बाटली

मामाला गोणीसोबत गळ्यात पडणाऱ्या बाटल्यांपैकी एक नॅनो डीएपीची होती. हे द्रवखत २०२३ मध्ये बाजारात आलं. ५०० मिली, ६०० रुपये, ८ टक्के नत्र, १६ टक्के स्फुरद. बीजप्रक्रिया आणि फवारणी केली तर डीएपीची मात्रा निम्मी करता येते, असा प्रचार होतो.

साधा गुणाकार करा. ५०० मिलीचे १६ टक्के म्हणजे ८० ग्रॅम. अर्ध्या गोणीत साडेअकरा किलो स्फुरद असतं. ८० ग्रॅम स्फुरद म्हणजे दहा किलो गव्हात असतं तेवढं. एकरात १८०० किलो गहू उभा आहे. पानावाटे दिलेलं खत जास्त कार्यक्षम असतं हे मान्य केलं, अगदी शंभर टक्के कार्यक्षम धरलं, तरी ८० ग्रॅममधून ८० ग्रॅमच पिकात जाणार.

पण इथे खरी गंमत आहे. समजा मामानं अर्धी गोणी आणि बाटली वापरली आणि उत्पन्न अजिबात घटलं नाही. तर? तो आणि त्याच्या बांधाला बांध असलेले सगळे म्हणतील, बाटली चालते. प्रत्यक्षात काम केलं असेल कणगीनं. वीस वर्षं साठलेल्या स्फुरदानं त्या वर्षी घर चालवलं आणि पावती मात्र बाटलीच्या नावानं फाटली. बाटलीचा उपयोग झाला की नाही, हे तपासायचं असेल तर शेजारी अर्धी गोणी, बाटली नाही, असा पट्टा हवा. तो पट्टा नसेल तर ‘उत्पन्न घटलं नाही’ या वाक्याला अर्थ नाही.

पाकीट

आता त्या दिवशी माझ्या हातात होतं ते. लिटिल इंडियात आट्याचे दोन गट दिसतात. एक रोजचा आटा. दुसरा महाग: खपली, सेंद्रिय, ‘रासायनिक खतांशिवाय’. मला आणि कदाचित तुम्हालाही दुसरं पाकीट घेताना आपण गावाकडच्या मातीचं काहीतरी भलं करतोय असं वाटतं.

खपली गव्हावर माझा आक्षेप नाही. पुरणपोळीला तोच घ्या. आक्षेप त्या ओळीवर आहे. रासायनिक खत न देता पिकवलेल्या गव्हातही किलोमागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतोच, नाहीतर दाणाच भरणार नाही. तो आला कुठून? शेणखतातून आला असेल तर उत्तम. चार टन शेणखतातून एकराला आठेक किलो स्फुरद मिळतं. पण शेणात ते चाऱ्यातून येतं आणि चारा कुठल्या तरी शेतातूनच. रॉक फॉस्फेट सेंद्रिय शेतीत चालतं, पण चुनखडीच्या विम्ल जमिनीत ते फारसं विरघळत नाही. आणि शेतकरी नुकताच सेंद्रियकडे वळला असेल, तर पहिली काही वर्षं पीक जुन्या डीएपीवरच उभं असण्याची शक्यता मोठी. म्हणजे पाकिटावर ‘रासायनिक खतांशिवाय’ आणि दाण्यात आजोबांच्या काळातली गोणी. खोटं कुणी बोलत नाही. पण हिशेब पूर्ण नाही.

रोजच्या आट्याच्या पाकिटावर मूळ देश बघा. भारतानं मे २०२२ मध्ये गहू निर्यातीवर बंदी घातली, पुढे आट्यावरही निर्बंध आले. सिंगापूरला गहू पुरवणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया मोठा. आणि ऑस्ट्रेलियाचा गहू म्हटलं की सिंगापूरचाच एक विसरलेला धागा हाती लागतो: ख्रिसमस आयलंड.

जावाच्या दक्षिणेला असलेलं हे छोटं बेट फॉस्फेटच्या खडकानं भरलेलं. त्या फॉस्फेटसाठीच ब्रिटिशांनी १८८८ मध्ये ते ताब्यात घेतलं, १९०० मध्ये सिंगापूर ज्यांत होतं त्या स्ट्रेट्स सेटलमेंट्सला जोडलं आणि खाणीत राबायला चिनी मजूर नेले. १९५८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाकडे गेलं. बुडणाऱ्या फॉस्फेट-उत्पन्नाची भरपाई म्हणून सिंगापूरला २९ लाख पौंड मिळाले. बेटावरचं फॉस्फेट ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांत पसरलं गेलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाची जुनी, झिजलेली माती स्फुरदाच्या बाबतीत इतकी गरीब, की सुपर फॉस्फेट नसतं तर तिथला गहूपट्टा उभाच राहिला नसता. आज तिथलेच मृदाशास्त्रज्ञ सांगतात, की अनेक शेतांत स्फुरद गरजेपेक्षा जास्त साठलंय, आता मात्रा कमी करा.

तर आपल्या पोळीत एखाद्या पोखरलेल्या बेटाचा अंश असू शकतो. आणि पोळी खाल्ल्यावर? सिंगापूरचं सांडपाणी शुद्ध होतं, त्यातला गाळ जाळला जातो आणि राख सेमाकाऊच्या भराव-बेटावर जाते. पाच किलोच्या पाकिटातला साधारण १७ ग्रॅम फॉस्फरस एका बेटावरून निघाला आणि दुसऱ्या बेटावर पुरला गेला. शेताकडे परतीचा रस्ता नाही. ‘मातीचं भलं’ पाकीट बदलून होत नाही, असं मी म्हणते ते यामुळे.

कार्ड

गोणी, बाटली, पाकीट, तिघांना काहीतरी विकायचंय. कार्डाला काही विकायचं नाही, म्हणून त्याच्याकडून माझी अपेक्षा जास्त आणि तक्रारही मोठी.

मृदा आरोग्य पत्रिका योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातल्या सुरतगड इथून सुरू झाली. मातीचे १२ गुणधर्म तपासून शेतकऱ्याच्या हातात कार्ड द्यायचं. कल्पना चांगलीच आहे. पण योजनेच्या मूळ नियमानुसार बागायती भागात अडीच हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना, कोरडवाहू भागात दहा हेक्टरमधून एक. अडीच हेक्टर म्हणजे सव्वासहा एकर. मामाची गव्हाची जमीन तीन एकर, शेजारी द्राक्षबाग. बागेला वर्षानुवर्षं भरपूर खत पडतं. नमुना कुठल्या बाजूनं घेतला, हे मामाला माहीत नाही. कार्डावर मात्र नाव त्याचं, आणि शेरा: स्फुरद मध्यम.

दुसरी उणीव जास्त खोल आहे. आपल्या विम्ल जमिनींसाठी जी ओल्सन चाचणी वापरतात, ती डबा मोजते, कणगी नाही. त्यात चाचणीचा दोष नाही, ती त्यासाठीच आहे. पण एका दिवशी डब्यात किती आहे एवढ्यावरून पुढच्या तीन वर्षांचा शिधा ठरवता येत नाही. त्यासाठी इतिहास लागतो. या शेतात गेल्या दहा वर्षांत किती गोण्या पडल्या? किती क्विंटल माल बाहेर गेला? शेणखत किती? खरिपात सोयाबीन होतं का? राहुरीच्या विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ७५ किलो स्फुरदाची आहे, त्यातलं उरलेलं गव्हाला मिळतंच. हे सगळं मामाच्या डोक्यात आहे, काही एका वहीत आहे. कार्डावर त्यासाठी एक रकाना नाही.

आणि इथे आमच्यावरही टीका करायला हवी. साठलेल्या स्फुरदावर आम्ही निबंधांमागून निबंध लिहितो. देशाचा, खंडाचा, जगाचा हिशेब मांडतो. तीन एकरांचा हिशेब मांडायला कुणी सांगितलं की ‘अं’ होतं. जगाच्या नकाशावर चूक झाली तर दुरुस्तीपत्र छापता येतं. मामाच्या शेतात चूक झाली तर वर्ष जातं. ‘कमी टाक’ हा सल्ला फुकटात देणं सोपं आहे, विशेषतः ज्याचा पगार डॉलरमध्ये येतो त्याला.

एक धोक्याची सूचनाही इथेच. या लेखाचा अर्थ ‘डीएपी टाकू नका’ असा काढू नका. ज्या कोरडवाहू शेतात कधी पुरेसं खत गेलंच नाही, तिथे कणगी रिकामी आहे आणि स्फुरद द्यायलाच हवं. पेरणीनंतर पहिल्या तीन आठवड्यांत, मुकुटमुळं फुटताना, गव्हाला स्फुरद जवळ लागतं. थंडीत मुळं सावकाश वाढतात आणि कणगीतून डब्यात येण्याचा वेग तेव्हा पुरत नाही. उलट जिथे आधीच भरपूर आहे तिथे आणखी ओतलं, तर पिकाला जस्त मिळेनासं होतं, आणि आपल्या बऱ्याच जमिनींत जस्त आधीच कमी आहे. दोन्ही चुका महागात पडतात. त्यामुळे आपलं शेत कुठल्या बाजूला आहे, हे कळणं महत्त्वाचं.

पट्टा

दोन दिवसांनी मी मामाला फोन केला. वही काढायला लावली. दहा वर्षांपैकी सात वर्षांच्या नोंदी होत्या. एकरी एक गोणी गव्हाला, एक सोयाबीनला, दर दोन-तीन वर्षांनी शेणखत. आम्ही फोनवरच बेरीज-वजाबाकी केली. कणगी रिकामी नव्हती, एवढं नक्की.

मी सुचवलं ते असं. तीन एकरांना अर्धी मात्रा, आणि तीही फेकून नाही, तर पेरणीयंत्रानं बियाण्याच्या खाली. स्फुरद पडतं तिथून जेमतेम काही मिलिमीटर सरकतं. वरून फेकलेलं वरच राहतं. जुन्या लोकांची दोन चाड्यांची पाभर हेच तर करायची: एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत. डीएपी मिळालं नाही तर सिंगल सुपर फॉस्फेट घे. त्याच्या गोणीत आठ किलो स्फुरद असतं, वर गंधक मिळतं. नत्राची तूट युरियानं भर. हे महत्त्वाचं आहे, कारण डीएपीनंतर पीक हिरवंगार दिसतं त्यातलं काही श्रेय त्यातल्या नत्राचं असतं. आणि बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया कर. जिवाणू स्फुरद निर्माण करत नाहीत, कणगीचं झाकण थोडं किलकिलं करतात. कधी फायदा दिसतो, कधी नाही.

शेवटची अट: चार गुंठ्यांच्या पट्ट्यात स्फुरद शून्य, शेजारच्या चार गुंठ्यांत पूर्ण मात्रा. नत्र दोन्हीकडे सारखं. आणि मळणी वेगळी.

‘आणि शून्याच्या पट्ट्यात गहू कमी आला तर?’

‘भरपाई मी देईन.’

हिशेब केला होता. चार गुंठ्यांत साधारण १८० किलो गहू. अगदी सातवा हिस्सा घटला तरी २५ किलो, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. त्या बाटलीची किंमत. मामा हसला. ‘तू देशील गं, पण शेजाऱ्यांना काय सांगू, भाचीनं शेतात टक्कल पाडलं?’ तरी त्यानं पट्टा सोडला.

मार्चमध्ये दोन्ही पट्टे हातानं कापले, वेगळे मळले. शून्याच्या पट्ट्यात चार किलो कमी भरले. एका टोकाला बांधावरच्या बाभळीची सावली होती, तेवढा फरक तिचाही असू शकतो. म्हणजे मी जिंकले असं म्हणता येत नाही, आणि मामा हरला असंही नाही. एका वर्षाच्या पट्ट्यानं फार काही सिद्ध होत नाही. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा शून्य ठेवलं तरच कणगी किती दिवस पुरते ते कळेल. मामानं खुंट्या काढलेल्या नाहीत.

तुमच्यापैकी अनेकांचं कुणीतरी अजून शेती करतंय. तुम्ही मृदाशास्त्र शिकलेले नसाल, हरकत नाही. पुढच्या फोनवर पीकपाणी विचारताना एक प्रश्न जास्त विचारा: वहीत काय लिहिलंय? किती गोण्या आत गेल्या, किती पोती बाहेर आली. ती बेरीज तुम्ही इथे बसून करू शकता. चार छापील मजकुरांत जे नाही, ते त्या वहीत आहे.

भरपाईचे पैसे मामानं घेतले नाहीत. वही मात्र आता दर हंगामाला फोटो काढून पाठवतो.